टर्बोचा शोध लावणारा माणूस वीस वर्षं कुठे अडकला होता? आल्फ्रेड ब्यूखी आणि एका पाईपची गोष्ट

गेल्या महिन्यात माझ्या चुलतभावाने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. चकचकीत स्टेनलेस स्टीलच्या चार नळ्या, वळत वळत येऊन एका तोंडाशी मिळालेल्या. खाली किंमत, आणि त्याखाली त्याचा प्रश्न की हे घेऊ का. तो सांगलीला असतो. त्याच्याकडे चार सिलिंडरची, १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि तिला टर्बो बसवायचं भूत सध्या त्याच्या डोक्यात शिरलंय. फोटोतली वस्तू म्हणजे टर्बोचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळालेला वायू वेगळ्या भोकातून बाहेर पडतो. ही सगळी भोकं एकत्र जोडून तो वायू पुढे टर्बोपर्यंत नेणारा जो पाईपांचा जुडगा असतो, तो मॅनिफोल्ड. टर्बोमध्ये दोन चाकं एकाच दांड्यावर असतात. एका चाकाला हा गरम वायू फिरवतो (ती टर्बाइन), आणि दुसरं चाक बाहेरची ताजी हवा दाबून इंजिनात कोंबतं (तो कॉम्प्रेसर). जास्त हवा, म्हणून जास्त इंधन जाळता येतं, म्हणून जास्त ताकद. एवढं साधं.

भावाला उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. कारण मॅनिफोल्ड या वस्तूशी माझं जुनं भांडण आहे.

आज मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण डिग्री मेकॅनिकलची. शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी प्रोजेक्ट घेतला होता: भंगारातून आणलेलं चार सिलिंडरचं छोटं इंजिन आणि त्याला भंगारातूनच आणलेला टर्बो. मॅनिफोल्ड आम्हीच बनवला. एक जाड लोखंडी पाईप आडवा ठेवला, त्याला चार आखूड नळ्या वेल्ड केल्या, पाईपच्या एका टोकाला टर्बो. झालं. इंजिन चालू झालं, पण टर्बो नुसता फिरायचा, ताकद काही वाढेना. उलट टर्बो नसतानाच इंजिन जास्त मोकळं पळायचं. आणि सादरीकरणाच्या दिवशी तिसऱ्या आणि चौथ्या नळीच्या मधल्या वेल्डला तडा गेला. मार्क मिळाले, पण मनातून मी हरलो. आपल्याला हे जमत नाही असं ठरवून मी कोडिंगकडे वळलो.

भावाच्या प्रश्नामुळे मी पुन्हा वाचायला बसलो, आणि मला आल्फ्रेड ब्यूखी भेटले. टर्बोचं पेटंट ज्यांच्या नावावर आहे, ते हे गृहस्थ. त्यांचीच गाडी जवळपास वीस वर्षं अडली होती, आणि शेवटी जिथे ती सुटली त्या जागेचं नाव वाचून मला हसू आलं. एक्झॉस्ट पाईप!

जन्मच कारखान्याच्या गावात

आल्फ्रेड ब्यूखी यांचा जन्म ११ जुलै १८७९ चा, स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावचा. स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याला बर्फ, गायी आणि यश चोप्रांच्या सिनेमातली गाणी आठवतात. पण विंटरथूर हे यंत्रांचं गाव. सुल्झर ही मोठी इंजिनिअरिंग कंपनी तिथलीच, आणि ब्यूखी यांचे वडील तिथे वरच्या पदावर होते. म्हणजे घरात जेवताना गप्पा कशाच्या चालत असतील, याचा अंदाज आपण करू शकतो.

एक गमतीचा योगायोग. ब्यूखी जन्मले त्याच १८७९ साली एक २१ वर्षांचा जर्मन विद्यार्थी सुल्झरमध्ये हाताला काम शिकायला आला होता. आजारपणामुळे त्याची शेवटची परीक्षा हुकली होती, आणि पुढची परीक्षा होईपर्यंतचा वेळ तो कारखान्यात घालवत होता. त्याचं नाव रुडॉल्फ डिझेल. पुढे याच डिझेलच्या इंजिनावर ब्यूखी यांनी आयुष्य घालवलं.

१८९९ मध्ये ब्यूखी झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये यंत्रशास्त्र शिकायला गेले. ही तीच संस्था जी आज ईटीएच झुरिच म्हणून ओळखली जाते. त्या वर्षी तिथे आइन्स्टाइनही शिकत होते, फक्त वेगळ्या विभागात. ब्यूखी १९०३ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले आणि बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये नोकरी करू लागले.

२६ व्या वर्षी पेटंट

त्या काळात वाफेचं इंजिन म्हातारं होत चाललं होतं आणि डिझेल इंजिन नुकतं पायावर उभं राहत होतं. पण त्यात एक गोष्ट ब्यूखी यांना खुपत होती. इंधनात जेवढी ऊर्जा असते, त्यातला साधारण एक तृतीयांश भागच चाकापर्यंत पोचतो. बाकीचा काही भाग इंजिन थंड ठेवण्यात जातो आणि उरलेला मोठा वाटा सरळ एक्झॉस्टमधून बाहेर. गरम, दाबाखालचा वायू आपण हवेत सोडून देतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर, फोनची बॅटरी १०० टक्के चार्ज करायची आणि त्यातली साठ-सत्तर टक्के नुसता फोन गरम करण्यात घालवायची!

ब्यूखी यांनी विचार केला की हा जाणारा वायूच कामाला लावला तर? १६ नोव्हेंबर १९०५ रोजी त्यांनी जर्मन पेटंटसाठी अर्ज केला. क्रमांक २०४६३०. कल्पना अशी: आधी कॉम्प्रेसर हवा दाबतो, मग पिस्टनचं इंजिन ती हवा वापरतं, आणि मग बाहेर पडणाऱ्या वायूवर टर्बाइन चालते. त्या पहिल्या आराखड्यात हे तिन्ही भाग एकाच दांड्यावर जोडलेले होते. आजच्या टर्बोसारखं वेगळं, सुटं, स्वतःच्या वेगाने फिरणारं युनिट ते नव्हतं. पण मूळ विचार तोच.

तेव्हा ब्यूखी होते २६ वर्षांचे. मी या वयात एका ॲपचं लॉगिन पेज दुरुस्त करत होतो.

आणि हो, १९०५ हेच ते वर्ष, ज्यात आइन्स्टाइन बर्नच्या पेटंट ऑफिसात नोकरी करता करता सापेक्षतेचा शोधनिबंध लिहीत होते. ब्यूखी यांचा अर्ज मात्र जर्मनीत होता, त्यामुळे तो आइन्स्टाइनच्या टेबलावर गेला असेल अशी गोष्ट कुणी फॉरवर्ड केली तर विश्वास ठेवू नका.

कागदावर बरोबर, यंत्रात चूक

१९०९ मध्ये ब्यूखी आपल्या गावी परत आले आणि सुल्झरमध्ये डिझेल इंजिनाच्या संशोधनाचं काम पाहू लागले. १९११ पासून तिथे टर्बोवर प्रयोग सुरू झाले. १९१५ मध्ये त्यांनी टर्बो लावलेल्या डिझेल इंजिनाचा नमुना उभा केला. तो चालला नाही. म्हणजे फिरला, पण ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेवढा फायदा पदरात पडला नाही. लोकांनाही फारसा रस वाटला नाही.

का नाही चालला? याची दोन कारणं आहेत, आणि दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं कारण सरळ गणिताचं. समजा टर्बाइन वायूमधल्या उपलब्ध ऊर्जेपैकी ६० टक्के पकडते. ती ऊर्जा कॉम्प्रेसरला दिली, आणि तोही त्यातली ६० टक्केच हवा दाबायला वापरू शकला. ६० चे ६० टक्के म्हणजे ३६. हातात उरलं ३६ टक्के. त्या काळातल्या टर्बाइन आणि कॉम्प्रेसर, दोन्ही तितपतच होते. शिवाय लाल होईपर्यंत तापणाऱ्या वायूत तासन्‌तास टिकेल असा धातू मिळणंही कठीण.

दुसरं कारण जास्त लबाड आहे. टर्बाइन म्हणजे शेवटी वायूच्या वाटेत ठेवलेला अडथळा. अडथळा आला की मागे दाब साठतो. हा दाब इंजिनाला उलटा ढकलतो, आणि सिलिंडरमधला जळका वायू पूर्ण बाहेर पडत नाही. मग तुम्ही वरून ताजी हवा कोंबताय आणि आत जागा मात्र शिळ्या हवेने अडवलेली. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

आमच्या प्रोजेक्टचं इंजिन टर्बो लावल्यावर उलट गुदमरत का होतं, हे मला इथे वाचताना कळलं. सात-आठ वर्षांनी.

दरम्यान विमानवाले पुढे गेले

पहिल्या महायुद्धात विमानांसाठी टर्बोची गरज भासली. उंचावर हवा विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकद घटते. फ्रान्समध्ये ओग्युस्त रातो यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी यावर काम केलं. १९१८ मध्ये मॉस यांनी आपलं इंजिन कोलोरॅडोमधल्या पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच डोंगरावर नेलं. टर्बो नसताना तिथे ते २३० हॉर्सपॉवर देत होतं, टर्बोसह ३५६.

मग प्रश्न सुटला ना? विमानाचा सुटला. विमानात टर्बोचं काम होतं उंचीवर गेलेली ताकद परत आणायचं, आणि इंजिनाने थोडे तास टिकलं तरी चालायचं. ब्यूखी यांना हवं होतं ते वेगळं. जहाजात किंवा वीजघरात महिनोन्‌महिने चालणाऱ्या डिझेल इंजिनाकडून, समुद्रसपाटीवर, कायमची जास्त ताकद. सॉफ्टवेअरवाल्यांना हा फरक लगेच कळेल. डेमो चालणं वेगळं आणि तीच गोष्ट प्रॉडक्शनमध्ये दिवसरात्र चालणं वेगळं.

१९२५: पाईप वेगळे करा

आता येते आपली मुख्य जागा. ही नीट समजली की मॅनिफोल्ड बघायची तुमची नजरच बदलेल.

तुम्ही जुन्या इमारतीत राहिला असाल तर हा अनुभव असेल. सगळ्या मजल्यांचं सांडपाणी एकाच पाईपमधून खाली जातं. वरच्या मजल्यावर कुणी बादली धाडकन रिकामी केली, की आपल्या बाथरूमच्या जाळीतून पाणी गुळगुळ करत वर येतं. त्या माणसाची चूक नाही, आपली पण नाही. चूक पाईपची आहे.

इंजिनात हेच घडतं. सिलिंडरमधून वायू नळाच्या पाण्यासारखा सलग वाहत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो त्या क्षणी जोराचा धक्का बाहेर पडतो, जणू बादली ओतली. मग प्रवाह मंदावतो. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर अर्ध्या फेरीला, म्हणजे १८० अंशांना, एक नवीन धक्का येतो. पण प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहतो साधारण २३० ते २५० अंश. म्हणजे एकाचा व्हॉल्व्ह बंद व्हायच्या आत दुसऱ्याने बादली ओतलेली असते. सगळे एकाच पाईपला जोडलेले असतील, तर तो धक्का थेट पहिल्या सिलिंडरच्या उघड्या दारातून आत घुसतो. आणि नेमक्या त्याच वेळी तिथे इनटेक व्हॉल्व्हही उघडू लागलेला असतो, कारण ताजी हवा आत येऊन शिळ्या वायूला बाहेर ढकलणार असते. ती सफाई तिथेच फसते.

१९२५ मध्ये ब्यूखी यांनी स्वतःच्या नावाने एक पेटंट घेतलं, आणि त्यातला उपाय ऐकायला इतका साधा आहे की वाटतं, यात काय विशेष? एक्झॉस्टचे पाईप वेगळे करा. ज्या सिलिंडरांचे धक्के एकमेकांच्या आड येत नाहीत, तेवढेच एका पाईपला जोडा. प्रत्येक पाईप टर्बाइनपर्यंत स्वतंत्र न्या. पाईप आखूड आणि अरुंद ठेवा.

यातून एका दगडात दोन पक्षी मारले गेले. एक, पाईप अरुंद असल्यामुळे धक्क्याचा जोर वाटेत मुरत नाही, तो तसाच टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन आदळतो. आणि दोन, दोन धक्क्यांच्या मधल्या वेळात पाईपमधला दाब खाली उतरतो. नेमक्या त्या खिडकीत टर्बोने दाबलेली ताजी हवा सिलिंडरमधून आरपार जाते, शिळा वायू धुऊन काढते आणि जाता जाता पिस्टन आणि व्हॉल्व्ह थंड करते.

वायूची धक्के देण्याची जी सवय अडचण वाटत होती, तीच ब्यूखी यांनी इंधनासारखी वापरली. पुढे या पद्धतीला ब्यूखी पद्धत किंवा पल्स पद्धत असं नाव पडलं.

जहाजं धावली

कल्पना मोठ्या प्रमाणावर दिसली ती समुद्रात. जर्मनीच्या वाहतूक मंत्रालयाने प्रॉयसन आणि हान्झेश्टाट डान्झिग ही दोन प्रवासी जहाजं बांधायला घेतली होती. त्यांच्या दहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनांना ब्यूखी यांच्या देखरेखीखाली टर्बो बसवले गेले. ताकद १,७५० वरून २,५०० हॉर्सपॉवर झाली. म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त वाढ, इंजिन तेवढंच ठेवून. पेटंटनंतर जवळपास वीस वर्षांनी.

त्यानंतर ब्यूखी सुल्झरमधून बाहेर पडले. ब्राऊन बोव्हेरी ही वीजयंत्रं आणि टर्बाइन बनवणारी कंपनी आणि विंटरथूरचाच रेल्वे इंजिनांचा कारखाना यांच्यासोबत त्यांनी ब्यूखी सिंडिकेट उभं केलं. कामाची वाटणी स्वच्छ होती. टर्बो बनवणार ब्राऊन बोव्हेरी, चाचणीसाठी डिझेल इंजिन देणार रेल्वेवाला कारखाना, आणि तांत्रिक बाजू आणि ग्राहक सांभाळणार ब्यूखी. १९२८ मध्ये या पद्धतीच्या इंजिनाची चाचणी आउरेल श्टोडोला यांनी घेतली. हे झुरिचच्या पॉलिटेक्निकमधले प्राध्यापक, टर्बाइन या विषयातलं त्या काळचं सगळ्यात मोठं नाव. त्यांनी आकडे तपासून अहवाल लिहिला म्हटल्यावर मग शंकेखोरांची तोंडं हळूहळू बंद झाली.

१९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्याच सॉरर कंपनीने ट्रकला टर्बो बसवला. जहाजं, रेल्वे, ट्रक, असा प्रवास चालू राहिला.

ब्यूखी यांचं निधन २७ ऑक्टोबर १९५९ रोजी, विंटरथूरमध्येच झालं. वय ८०. शोरूममध्ये उभी असलेली टर्बोची मोटारगाडी त्यांनी पाहिली नाही. ती आली तीन वर्षांनी, १९६२ मध्ये, अमेरिकेत: ओल्डस्मोबील जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर. टर्बो डिझेलची पहिली प्रवासी मोटार, मर्सिडीज ३०० एसडी, तर १९७८ मध्ये.

मग आपल्या छोट्या गाडीचं काय?

आता ब्यूखी यांच्या चष्म्यातून भावाच्या त्या फोटोकडे बघू.

१. कुठली नळी कुणाला मिळते? चार सिलिंडरच्या गाडीत स्फोटाचा क्रम बहुतेक वेळा १-३-४-२ असतो. त्यामुळे १ आणि ४ एका पाईपला, २ आणि ३ दुसऱ्या पाईपला, अशी जोडी लावली तर प्रत्येक पाईपमध्ये दोन धक्क्यांत ३६० अंशांचं अंतर मिळतं. बादल्या आपटत नाहीत. पण याचा पूर्ण फायदा तेव्हाच, जेव्हा टर्बोचं तोंडही दोन कप्प्यांचं असतं. याला ट्विन स्क्रोल म्हणतात. जाहिरातीत हा शब्द दिसला की समजा, हे ब्यूखी यांचं १९२५ चं डोकं आहे. एकाच कप्प्याच्या टर्बोला दोन भागांचा मॅनिफोल्ड लावून शेवटी सगळं एकत्रच होणार असेल, तर बराचसा फायदा दारातच सांडतो.

२. तीन सिलिंडर असतील तर? इथे एक मस्त गोष्ट आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनाचं एक चक्र ७२० अंशांचं. भागिले तीन, म्हणजे दर २४० अंशांना एक धक्का. व्हॉल्व्ह उघडा राहतो साधारण तेवढाच वेळ. म्हणजे तीन सिलिंडरच्या इंजिनात धक्के आपोआपच एकमेकांच्या वाटेत फारसे येत नाहीत, पाईप वेगळे करायची गरज उरत नाही. आज आपल्या रस्त्यांवरच्या कितीतरी छोट्या टर्बो पेट्रोल गाड्या एक लिटर किंवा १२०० सीसीच्या, तीन सिलिंडरच्या असतात. तीन सिलिंडर म्हणून लोक नाकं मुरडतात, पण टर्बोसाठी ही मांडणी फार सोयीची आहे.

३. कशाचा बनलाय? पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट जोरात चालवताना ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतो. कंपनीच्या गाडीत बहुतेकदा बिडाचा, ओतलेला मॅनिफोल्ड असतो. दिसायला ओबडधोबड, पण जाड आणि टिकाऊ. नळ्या वाकवून वेल्ड केलेला स्टेनलेसचा मॅनिफोल्ड हलका असतो आणि त्यात मार्ग हवे तसे वळवता येतात, पण स्टेनलेस तापल्यावर बिडापेक्षा जास्त पसरतं. ४० सेंटीमीटरचा तुकडा ७०० अंशांनी तापवला तर जवळपास ५ मिलिमीटर वाढतो. इंजिनाचं हेड मात्र पाण्याने थंड राहतं, ते एक मिलिमीटरही पसरत नाही. एक पसरू पाहतं, दुसरं धरून ठेवतं, आणि मधल्या वेल्डला तडा जातो. आम्ही तर साधं लोखंड वापरलं होतं, आणि टर्बोचं सगळं वजन त्याच्यावर लटकवलं होतं. तडा न जाता तरच नवल.

४. लांब की आखूड? लांब, सगळ्या सारख्या लांबीच्या नळ्या फोटोत झकास दिसतात, आणि वरच्या आरपीएमला कामही करतात. पण जेवढी लांबी, तेवढी उष्णता वाटेत हरवते आणि टर्बो जागा व्हायला तेवढा वेळ घेतो. शहरात चालवायच्या छोट्या गाडीला आखूड रस्ता बरा.

५. मुळात बदलता येतो का? आजकालच्या बऱ्याच छोट्या टर्बो इंजिनांत, उदाहरणार्थ फोक्सवॅगन गटाच्या एक लिटर टीएसआयमध्ये, मॅनिफोल्ड वेगळा नसतोच. तो सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो आणि त्याच्या भोवती पाणी खेळतं. टर्बो थेट हेडला लागतो. बाहेरून मॅनिफोल्ड विकत घ्यायचा प्रश्नच मिटला.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. टर्बो नसलेल्या गाडीला टर्बो बसवणं म्हणजे नुसता मॅनिफोल्ड घेणं नाही. कॉम्प्रेशन रेशो, इंधनाचं ट्यूनिंग, तेलाची लाइन, क्लच, सगळं हलतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या मूळ नोंदींपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. अपघात झाल्यावर विम्याचा क्लेम अडला, तर टर्बोचा आवाज कितीही भारी असला तरी उपयोग नाही.

भावाला काय सांगितलं?

मी त्याला नाही म्हटलं नाही. फक्त विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारायला सांगितले: नळीची जाडी किती, स्टेनलेस कुठल्या ग्रेडचं, आणि कुठला सिलिंडर कुणाबरोबर जोडलाय. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. त्यात तो मॅनिफोल्ड आणखी कुठकुठल्या रंगात मिळतो ते लिहिलं होतं. भावाने पैसे खिशातच ठेवले.

मला मात्र या सगळ्यातून वेगळंच काहीतरी मिळालं. ब्यूखी यांची टर्बाइन चुकली नव्हती, कॉम्प्रेसरही नव्हता. दोन्ही सुधारायला वेळ लागला हे खरं. पण गाडी पुढे सरकली ती इंजिन आणि टर्बाइन यांच्या मधल्या, कुणी फारसं लक्ष न दिलेल्या पाईपमुळे. मी रोज कामावर जे बघतो तेच हे. दोन सिस्टिम आपापल्या जागी ठीक असतात आणि बग सापडतो त्यांना जोडणाऱ्या जागेत. आमच्या प्रोजेक्टमध्येही इंजिन ठीक होतं, टर्बोही ठीक होता. आम्ही मधल्या पाईपला फक्त पाईप समजलो, एवढंच चुकलं. पण त्यावरून मला मेकॅनिकल जमत नाही हे ठरवायला मी एक दिवस घेतला, आणि तिकडे त्या माणसाने पहिल्या अपयशानंतर आणखी दहा वर्षं काढली.

तो जुना मॅनिफोल्ड अजून आमच्या घरी माळ्यावर पडलाय, तड्यासकट. दिवाळीत भाऊ येणार आहे. ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जाऊन तो मधून कापायचा, १-४ आणि २-३ असे दोन भाग करायचे आणि पुन्हा जोडून बघायचा, असं ठरलंय. त्याच्या गाडीला नाही, प्रोजेक्टच्या त्याच जुन्या इंजिनाला. ते आमच्यातल्या एका मित्राच्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली झाकून ठेवलेलं आहे. चालू झालं तर फोटो टाकेन. नाही झालं तरी टाकेन.